पानांसाठी शेवगा : झाडाला झुडूप करून ठेवण्याची पद्धत

शेवगा लावणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे शेंगा असतात, आणि दोन वर्षांतच त्यांची अडचण होते. झाड झपाट्याने वीस फुटांवर जाते, कोवळा पाला सगळा शेंड्याकडे राहतो, खाली उरते ते उघडे खोड. मग भाजीपुरता पाला काढायचा तरी शिडी लावावी लागते, किंवा आकडी टाकून फांदी ओढावी लागते आणि ती बहुधा हातात तुटूनच येते. हा लेख शेंगांपेक्षा पाल्यात रस असलेल्या नवशिक्यांसाठी आहे, म्हणून त्यातली मुख्य सूचना आधीच सांगतो: पानांसाठी लावलेल्या शेवग्याला झाड होऊ द्यायचे नसते. त्याला छातीएवढ्या उंचीच्या झुडपात धरून ठेवायचे असते, आणि लागवडीपासून तोडणीपर्यंतची बाकी सगळी कामे या एका गोष्टीच्या अनुषंगाने करायची असतात.

शेवगा मूळचा हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या वायव्य भारताच्या पट्ट्यातला; आता तो उष्ण कटिबंधात जवळजवळ सर्वत्र लावला जातो. त्याचे शास्त्रीय नाव मोरिंगा ओलिफेरा, आणि त्यातला ‘मोरिंगा’ हा शब्द तमिळ ‘मुरुंगई’वरून आलेला आहे. त्याच्या कुळात मोरिंगा ही एकच प्रजाती (जीनस) असून तिच्या १३ जाती (स्पीशीज) आहेत. त्यांपैकी एकीला, म्हणजे आपल्या रानशेवग्याला, कोकणावरून ‘कोंकनेन्सिस’ असे नाव पडले आहे. हे सारे माहीत नसले तरी शेवगा उगवतो, पण कुळाबाबतची एक गोष्ट मात्र लागवड करणाऱ्याने लक्षात ठेवावी. लांब शेंगा येतात म्हणून पुष्कळजण शेवग्याला तूर, हरभरा यांच्या पंगतीत बसवतात आणि तो हवेतला नत्र स्वतःच मिळवील असे गृहीत धरतात. शेवगा त्या वर्गातला नाही. त्याचे वनस्पतिशास्त्रीय नाते मोहरी, कोबी आणि पपई यांच्याशी आहे, आणि पान किंवा मूळ चुरडल्यावर येणारा झणझणीत वास त्याच नात्याची खूण आहे. सतत पाला काढायचा असेल तर नत्र आपल्यालाच पुरवावा लागतो.

बी की फांदी

शेवगा बियांपासूनही होतो आणि फांदीपासूनही. फांदी लावणे सोपे वाटते, कारण मनगटाएवढी जाड, तीन-चार फूट लांब, पक्व फांदी तोडून तिचा एक तृतीयांश भाग जमिनीत गाडला की काही आठवड्यांत तिला फुटवे येऊ लागतात. तोडलेली फांदी लगेच न लावता दोन-तीन दिवस सावलीत ठेवून तिचा काप सुकू द्यावा, आणि लावताना वरचे टोक वरच राहील याकडे लक्ष द्यावे. पाने झडलेल्या फांदीच्या बाबतीत ही चूक वाटते तितकी दुर्मीळ नाही. मातृवृक्षाचे सगळे गुण जसेच्या तसे येणे हा या पद्धतीचा फायदा. तोटा असा, की फांदीपासून आलेल्या झाडाला सोटमूळ नसते, मुळे उथळ राहतात, आणि जोराच्या वाऱ्यात असे झाड आडवे होण्याची भीती अधिक असते.

पाल्यासाठी मी बी निवडतो. बियांचे रोप सुरुवातीलाच मुळ्यासारखे जाड सोटमूळ धरते, त्यात पाणी आणि अन्न साठवते, आणि वारंवार छाटणी सोसण्याची ताकद त्याला तिथूनच मिळते. बियाणे पीकेएम-१ या वाणाचे मिळाल्यास उत्तम. तमिळनाडूतील पेरियाकुलमच्या उद्यानविद्या महाविद्यालयाने विकसित केलेला हा वाण लवकर फुटतो, छाटणीला चांगला प्रतिसाद देतो आणि भारताबाहेरही मोठ्या प्रमाणावर लावला जातो. घरच्या झाडाच्या वाळलेल्या शेंगेतले बीही चालते. मात्र परपरागीभवनामुळे, म्हणजे दुसऱ्या झाडाचे पराग मिसळत असल्याने, रोपे एकमेकांसारखी निघतीलच असे नाही.

बी ताजे असावे. तपकिरी, गोल, वाटाण्याएवढ्या बियांना तीन बाजूंनी पांढरे, कागदासारखे पंख असतात. ते काढण्याची गरज नाही. शेवग्याच्या बियांना सुप्तावस्था नसते, म्हणून शेंग वाळून उकलली की बी पेरायला तयार असते, आणि त्याच कारणाने ते फार काळ टिकतही नाही. वर्षभरानंतर उगवण झपाट्याने घटते. चिमटीत दाबून पाहावे: टणक बी चांगले, दबणारे बी पोकळ.

जागा आणि माती

या झाडाला भरपूर ऊन हवे. दिवसाचे किमान सहा तास थेट ऊन मिळत नसेल तर रोप जगेल, पण उंच, किडकिडीत आणि विरळ पानांचे होईल. २५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वाढ सर्वांत जोमदार असते. कडक उन्हाळा ते सोसते. हलक्या हिमतुषाराने शेंडे करपले तरी मोठे झाड बुडापासून पुन्हा फुटू शकते. मातीबाबत शेवगा फारसा चोखंदळ नाही, निचऱ्याबाबत मात्र पराकोटीचा आहे. मुळांशी पाणी साचले की ती कुजतात.

जागेची परीक्षा घेण्यासाठी दीड फूट खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा. तासा-दोन तासांत पाणी मुरले तर निश्चिंतपणे लावावे. दुसऱ्या दिवशीही तळाशी पाणी दिसत असेल तर ती जागा सोडावी, किंवा जमिनीपासून फूटभर उंच वाफा करून त्यावर लावावे. भिंतीपासून, सांडपाण्याच्या नळापासून आणि कुंपणापासून पाच-सहा फुटांचे अंतर ठेवावे.

कुंडीत लावायचे असेल तर कुंडीच्या रुंदीपेक्षा खोली महत्त्वाची. दीड फुटांपेक्षा कमी खोलीच्या कुंडीत सोटमूळ तळाला टेकून वळते आणि वाढ खुंटते. दोन भाग बागेची माती, एक भाग जाडसर वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट, असे मिश्रण पुरेसे आहे. नुसत्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुश्यावर) भर देऊ नये. ते पाणी धरून ठेवते, आणि शेवग्याला नको असते ते हेच.

पेरणी

हवा उबदार झाली की पेरावे. थंडीत पेरलेले बी उगवण्याऐवजी सडते. बी रात्रभर साध्या पाण्यात भिजत ठेवावे. सकाळी ते फुगलेले दिसते. शक्य असेल तर थेट कायमच्या जागी, साधारण दोन सेंटिमीटर खोल पेरावे. एका जागी दोन बिया टाकाव्यात, वरून हलके पाणी द्यावे, आणि त्यानंतर माती ओलसर राहील, चिखल होणार नाही एवढेच पाणी द्यावे. एक ते दोन आठवड्यांत कोंब वर येतो. दोन्ही उगवले तर अशक्त रोप उपटू नये, कारण उपटताना शेजारच्या रोपाची मुळे दुखावतात. ते जमिनीलगत कापून टाकावे.

रोपवाटिकेच्या पिशवीत रोप करणे भागच असेल तर अरुंद पण लांब पिशवी घ्यावी, आणि रोप वीतभर उंचीचे झाले की पिशवी फाडून मातीच्या गोळ्यासकट हलवावे. पिशवीतून ओढून काढलेल्या रोपाचे सोटमूळ तुटले, तर ते पुढे जगले तरी महिनाभर जागचे हलत नाही.

अंतर किती ठेवायचे हे हेतूवर ठरते. एकच झुडूप हवे असेल तर त्याला चौफेर चार फुटांची जागा पुरते. पाल्याची गरज जास्त असेल तर एका ओळीत फूट-दीड फुटावर रोपे लावून त्यांचे कुंपण करता येते. बागेत एखादा मोकळा वाफा असल्यास वीतभर अंतरावर दाट पेरणी करून, मेथीसारखा पण पुन्हा पुन्हा फुटणारा पाला घेता येतो. अशा दाट वाफ्याला खत आणि पाणी मात्र त्याच प्रमाणात जास्त लागते.

शेंडा खुडणे : इथे हात आखडू नये

नवशिक्यांचा धीर सुटतो तो इथे. दोन महिन्यांत रोप दोन फुटांवर पोचते, सरळ काठीसारखे, वर पानांची छत्री, आणि नेमके अशा वेळी त्याचा शेंडा कापा असे सांगितले की मन धजत नाही. पण हा शेंडा राहिला तर रोप फांद्या न फोडता वरच जात राहते, कारण शेंड्यातील संजीवके (वाढीची द्रव्ये) खालचे डोळे, म्हणजे फुटव्याचे अंकुर, दाबून ठेवतात. शेंडा गेला की हे डोळे जागे होतात.

म्हणून मुख्य खोड साधारण ६० सेंटिमीटरचे झाले की वरचा चार बोटे शेंडा खुडून टाकावा. दहा-पंधरा दिवसांत खालच्या पेरांतून बाजूच्या फांद्या निघतात. त्या वीतभर किंवा थोड्या जास्त लांबीच्या झाल्या की त्यांचेही शेंडे खुडावेत, आणि त्यांच्यावर येणाऱ्या पुढच्या फांद्यांचे पुन्हा एकदा. तीन वेळा खुडणी झाली की एका काठीच्या जागी पंधरा-वीस टोके असलेले डेरेदार झुडूप उभे राहते, आणि पाला मिळतो तो या टोकांवर. खुडलेले शेंडे फेकू नयेत. सर्वांत कोवळा पाला तोच असतो.

खुडताना एक फसगत होते. शेवग्याचे एक पान म्हणजे आपल्याला दिसणारी नखाएवढी टिकली नव्हे. ती पर्णिका. संपूर्ण पान फूट-दोन फूट लांब असते, त्याचा मधला दांडा पुन्हा दोनदा विभागलेला असतो, आणि त्यामुळे तो थेट फांदीसारखा दिसतो. नवखा माणूस हा दांडा कापून फांदी छाटल्याचे समाधान मानतो आणि फुटवा येण्याची वाट पाहत बसतो. ओळखायची खूण अशी: दांड्याचे बूड खोडाला जिथे टेकते तिथे ते किंचित फुगीर असते, आणि त्याच्या बेचक्यात मोहरीएवढा हिरवा डोळा असतो. ज्याच्या बेचक्यात डोळा आहे ते पान. फुटवा त्या डोळ्यातून येणार. काप नेहमी अशा डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर घ्यावा.

शेवग्याचे लाकूड मऊ आणि भुसभुशीत असते, त्यामुळे जाड फांदी छाटताना काप तिरका घ्यावा, म्हणजे त्यावर पाणी साचून खोड सडत जाणार नाही. सिकेटर (छाटणीची कात्री) धारदार असावे. बोथट अवजाराने साल चेचली जाते. कापातून डिंक पाझरला तर घाबरण्याचे कारण नाही. तो आधी पांढरट असतो आणि हवेत तांबूस होत जातो.

याशिवाय वर्षातून एकदा, थंडी सरून नवी पालवी फुटण्याच्या तोंडावर, संपूर्ण झुडूप गुडघ्याच्या थोडे वर, म्हणजे ६० ते ९० सेंटिमीटरवर, निर्दयपणे छाटावे. उरलेल्या खुंटावर इतके फुटवे येतात की त्यांतले चार-सहा जोमदार, चौफेर विखुरलेले ठेवून बाकीचे अंगठ्याने मोडून टाकावे लागतात. शेंगांचीही हौस असेल तर एक फांदी न छाटता राखावी. मात्र तिच्यावर कुणाला चढू देऊ नये, कारण शेवग्याची फांदी दिसते तेवढी भक्कम कधीच नसते.

पाणी, आणि पाने झडण्याचा काळ

पहिले दोन-तीन महिने माती कोरडी पडू देऊ नये. त्यानंतर जमिनीतल्या झुडपाला आठवड्यातून एकदा आळे भरून पाणी पुरते, आणि पावसाच्या दिवसांत तेही नको. कुंडीतल्या झुडपासाठी वेळापत्रकापेक्षा बोट बरे: दोन पेरे बोट मातीत खुपसावे, ओल लागली तर पाणी देऊ नये.

माझे कुंडीतले पहिले शेवग्याचे झुडूप मी पाणी घालून घालून मारले. थंडी सुरू होताच त्याची पाने पिवळी पडून गळू लागली. मी समजलो की त्याला पाणी कमी पडते आहे, आणि एका दिवसाआडचे पाणी रोज केले. गळती वाढली, तसे मी सकाळ-संध्याकाळ देऊ लागलो. तीन आठवड्यांनी बुंधा दाबून पाहिला तर तो पिकलेल्या केळ्यासारखा दबला आणि बोटाला आंबट वास आला. शेवगा थंडीत आणि कोरड्या काळात पाने टाकून विश्रांती घेतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पाने नसलेल्या झाडाला पाण्याची गरज अगदी थोडी असते, आणि दिलेले सारे पाणी मुळांशी साचते.

आता पाने गळाली की मी खोडावर नखाने एक बारीक ओरखडा काढतो. आत हिरवे, ओलसर दिसले म्हणजे झाड झोपलेले आहे. अशा वेळी पंधरा दिवसांतून एकदा थोडे पाणी पुरते आणि खत पूर्ण बंद ठेवायचे. आत तपकिरी निघाले तर खाली खाली सरकत ओरखडे काढावेत, आणि हिरवे लागेल तिथवर खोड छाटून टाकावे. अनेकदा बुंध्याशी जीव असतो.

खत

प्रत्येक तोडणीबरोबर आपण झाडातला नत्र बाहेर नेत असतो. त्यामुळे दर तोडणीनंतर जमिनीतल्या झुडपाला दोन-तीन ओंजळी आणि कुंडीतल्या झुडपाला एक ओंजळ गांडूळखत किंवा कुजलेले शेणखत, खोडाला न टेकवता, आळ्याच्या कडेने मिसळावे. नव्या पालवीबरोबर जुनी, खालची पाने एकसारखी पिवळी पडू लागली तर नत्र कमी पडतो आहे असे समजावे. शेंगदाण्याची पेंड भिजवून, पातळ करून दिल्यास आठवडाभरात फरक दिसतो.

कीड

पाल्यासाठी लावलेल्या झाडावर जालीम औषध मारणे म्हणजे ते स्वतःच्या ताटात वाढून घेणे, त्यामुळे इथे उपाय हातांचेच बरे. पावसाळ्यात केसाळ अळ्या दिवसा खोडावर घोंगडीसारख्या एका जागी गोळा होतात आणि रात्री पाने फस्त करतात. त्यांच्या केसांनी अंगाला भयंकर खाज सुटते, म्हणून उघड्या हाताने शिवू नये. लांब दांड्याच्या फडक्याने त्या खाली पाडून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. त्या दिवसा एकत्र बसतात हीच त्यांची कमजोरी आहे. कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा, आणि त्याने भागले नाही तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व थोडा द्रव साबण मिसळून संध्याकाळी फवारणी करावी. फवारल्यावर आठवडाभर पाला काढू नये. कोरड्या उन्हाळ्यात पानांवर बारीक ठिपके आणि जाळी दिसली तर तो लाल कोळी असतो. बाधित फांद्या सरळ छाटाव्यात. भुरीचाही (पानांवरच्या पांढऱ्या, भुकटीसारख्या बुरशीचा) उपाय छाटणी हाच आहे. झुडूप इतक्या लवकर फुटते की रोगट पाला वाचवत बसण्यात अर्थ नाही.

तोडणी

शेवटच्या खुडणीनंतर झुडपाने चांगला पाला धरला की पहिली तोडणी करावी, आणि पुढे उबदार हंगामात दर ३५ ते ४५ दिवसांनी. एकेक पर्णिका ओरबाडत बसू नये. फांदी पाल्यासकट कापावी, म्हणजे तोडणी आणि छाटणी एकाच कामात होते. एका वेळी झुडपावरचा सगळा पाला न काढता निदान एक तृतीयांश राखावा. ऊन तापण्याआधी, दव वाळल्यावर तोडलेला पाला जास्त वेळ ताजा राहतो.

पाला निवडणे हे यातले सर्वांत कंटाळवाणे काम, आणि ते झाडाकडूनच करून घेता येते. कापलेल्या फांद्या न धुता कापडात किंवा वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवाव्यात. सकाळी पुडके उघडून फांद्या हलकेच झटकल्या की पर्णिका आपोआप गळून कापडावर ढीग होतो, आणि दांडे जवळजवळ मोकळे हातात राहतात. तुटलेल्या फांदीवरच्या पर्णिका देठाशी सुटू लागतात, त्याचाच हा उपयोग. नंतर पाला धुवावा. उरलेले दांडे शिजत नाहीत, त्यांचे कंपोस्ट करावे.

खाण्यासाठी फक्त पाने, फुले आणि कोवळ्या शेंगा घ्याव्यात. मुळाचा तिखट वास मोहात पाडतो, पण मुळात आणि सालीत विषारी घटक असतात, म्हणून ती खाऊ नयेत. गरोदर स्त्रियांनी तर मुळीच नाही. रक्तातील साखर किंवा रक्तदाब कमी करणारी औषधे चालू असलेल्यांनी पाल्याची पूड रोज घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. पौष्टिकतेविषयी फिरणारे तक्तेही जरा सावधपणे वाचावेत. त्यांत पुष्कळदा वाळलेल्या पुडीची तुलना ताज्या फळांशी किंवा दुधाशी केलेली असते, आणि पाणी काढून टाकलेल्या कोणत्याही पाल्याचे आकडे असेच फुगतात. ताज्या १०० ग्रॅम पाल्यात साधारण ६ ते ९ ग्रॅम प्रथिने असतात, आणि पालेभाजीच्या मानाने हे मुळातच पुष्कळ आहे.

पाला जास्त झाला तर वाळवून ठेवता येतो. धुतलेल्या पर्णिका निथळून, स्वच्छ कापडावर एका थरात, घरातच वारा खेळेल अशा सावलीच्या जागी पसराव्यात आणि दिवसातून दोनदा हलवाव्यात. उन्हात टाकल्यास रंग आणि अ जीवनसत्त्व दोन्ही जातात. क जीवनसत्त्व मात्र सावलीतही बरेचसे जाते. दोन ते चार दिवसांत पाला मुठीत चुरला असता कुरकुर आवाज करून मोडतो. पाच-सहा किलो ताज्या पर्णिकांची जेमतेम किलोभर पूड होते. ती कोरड्या, हवाबंद बरणीत, अंधाऱ्या जागी ठेवावी. दोन दिवसांनी बरणी तिरकी करून पाहावी: पूड वाळूसारखी सरकली तर ठीक, आणि गुठळीने सरकली तर त्याच दिवशी बाहेर काढून पुन्हा वाळवावी, कारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिला बुरशीचा वास येऊ लागतो.